दोन मोऱ्या, एक पाईप

प्रिय आक्का,

आज दुपारी भांडी घासायला बसले आणि सवयीनं मोरीच्या जाळीवर तांब्या वाजवला. तू नाहीस हे ठाऊक असून वाजवला! खालून काहीच आलं नाही. पूर्वी निदान वास यायचा, एखादं झुरळ मिशा हलवत वर यायचं. आज पाणी डुबुक करून खाली गेलं आणि सगळं गप्प. आपली जुनी लाईन काढली गं त्यांनी. तुझ्या मोरीला वेगळा पाईप, माझ्या मोरीला वेगळा पाईप, आणि दोन्हीकडे ट्रॅप. त्या ट्रॅपच्या वाकात कायम पाणी भरलेलं राहतं, म्हणून वास वर येत नाही, असं रशीदभाई प्लंबर मोठ्या कौतुकानं सांगून गेला. जिथून वास येत नाही तिथून आवाज कुठून यायचा? म्हणून हा कागद घेतला.

पोस्टात टाकणार नाही, घाबरू नकोस. आणि तुला जे ठाऊक आहे तेही पुन्हा लिहिणार आहे. इतकी वर्षं ही गोष्ट मी कुणाजवळ बोलले नाही, आता पोटात ठेवून जीव घुसमटतो. ऐकतेस ना?

संपापासूनच सुरुवात करायला हवी. दादा आणि आमचे हे, सख्खे भाऊ, सातपूरच्या एकाच कारखान्यात. दादा युनियनमध्ये पुढे, हे टेंपररी. संप लांबला तेव्हा साहेबानं यांना निरोप धाडला, आत आलास तर परमनंट करतो. आणि हे गेले! कंपनीच्या गाडीत मान खाली घालून बसले आणि गेटातून आत गेले. गेटवर झेंडा घेऊन दादाच उभे होते, तुझा नवरा. संप फुटला, दादांची नोकरी गेली, यांची पक्की झाली. तेव्हापासून दादांनी भावाचं नाव म्हणून तोंडातून काढलं नाही.

खरं सांगू? कोण बरोबर आणि कोण चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. यांच्याकडे बघते तेव्हा वाटतं, भित्र्या माणसानं दुसरं काय करायचं होतं? दादांकडे बघते तेव्हा वाटतं, काहीही करायचं, पण हे करायचं नव्हतं. पण मला कुणी विचारलंय? तुला तरी कुणी विचारलं होतं? भांडण त्यांचं आणि तोंडाला कुलूप आपल्या. "तिकडच्यांशी बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस," हे म्हणाले. दादा तुला तेच म्हणाले, अगदी शब्दाला शब्द. भाऊच ना शेवटी!

मग वाटणी झाली. आपल्या सासऱ्यांनी, आबांनी, घाम गाळून बांधलेलं घर मधोमध कापलं. खोल्या वाटल्या, पत्रे वाटले, नळ वाटला, अंगणातल्या शेवग्याच्या फांद्यासुद्धा वाटल्या. भिंतीसाठी गवंड्यानं दोरी धरली, तर दोरी नेमकी गटाराच्या चेंबरवरून गेली. तो बिचारा म्हणाला, वीतभर सरकवू का? छे! वीतभर जागा भावाला जाईल ना! शेवटी झाकणावरच विटा चढवल्या.

मोऱ्या आबांनी आधीच दोन काढलेल्या, एक स्वयंपाकघरामागे आणि एक परसात. एकेकाच्या वाट्याला एकेक आली. पण जमिनीखालचा चिनी मातीचा पाईप दोन्हीकडून येऊन त्या एकाच चेंबरात मिळतो, हे एकाही पुरुषाच्या ध्यानात आलं नाही. यायचं कसं? दोन तांबे अंगावर ओतून बाहेर पडणारी माणसं ती. मोरीत बसून दिवस काढतो त्या आपण. त्यांनी सगळं वाटलं आणि गटार विसरले.

तुझी पहिली हाक मला अजून ऐकू येते. भिंतीचा गिलावा ओला होता. मी मोरीत बसून रडत होते, नळ सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. रडून झालं, नळ बंद केला, तर जाळीतून आवाज, "विमल, झालं का गं रडून?" माझ्या हातातला तांब्याच सुटला! भूत म्हणावं तर भर दुपारी! मी जाळी काढून आत वाकून बघितलं, जसं काही तू खाली बसलेली दिसणार होतीस.

"आगं मी हाय. माझ्या मोरीतनं बोलते. तुझं सगळं ऐकू येतंय हिकडं, भांडीबी आणि रडणंबी."

तोवर मी तुला मोठी जाऊ म्हणून 'तुम्ही' म्हणायची. पण त्या पाईपात लांबलचक बोलणं घुमायचं, एका शब्दात दुसरा शब्द मिसळायचा. तूच म्हणालीस, "आखूड बोल. आन् ते तुम्ही-बिम्ही सोड, गटारात कसला आलाय मान!" तेव्हापासून तू झालीस. समोरासमोर असतो तर जन्मात झाली नसतीस.

काय काय बोललो गं आपण! कालवणाला काय केलंस इथपासून सुरुवात व्हायची. पौर्णिमेला विहारात कुणी कुणाची साडी नेसली होती, कुणाच्या सुनेनं माहेरची वाट धरली. हे शिफ्टला आणि दादा डबा घेऊन बाहेर पडले की तांब्यानं टकटक करायची, तिकडून टकटक आली की जाळी काढायची. माझ्या घरी पाळणा हलला नाही. त्याबद्दल जे काही बोलायचं होतं ते मी कुठल्या डॉक्टरणीशी बोलले नाही, माहेरी बोलले नाही, त्या भोकाशी वाकून तुझ्याशी बोलले. तू काही समजूत घालायची नाहीस. "रड," म्हणायचीस. "मी हाय हिथं." आणि मग आपली भांडी घासत राहायचीस, त्यांचा आवाज येत राहायचा.

सुजाता तुझी, पण लहानपणी वेणी घालून घ्यायला माझ्याच मांडीत बसायची. भिंत झाली आणि तीही गेली. तिची खबर मला पाईपातून मिळायची. सुजाता आजारी आहे, सुजाता दहावी पास झाली, सुजाताला डी.एड.ला नंबर लागला! त्या दिवशी तू मोरीत बसून इतकी मोठ्यानं ओरडलीस की मला जाळी काढायचीसुद्धा गरज पडली नाही. "विमल, माझी पोर मास्तरीण होणार! ती खुर्चीत बसली की मी सुटले." मी गूळ तोंडात टाकला. तुला द्यायचा कसा? पाईपातून गूळ जात नाही.

आणि तो वास! पाहुणे आले की नाक दाबायचे. हे दर दिवाळीला म्हणायचे, ट्रॅप बसवून टाकू. मी म्हणायची, मला कुठे येतो वास? ट्रॅपनं पाणी तुंबतं, असू द्या आहे ते. गटाराच्या वासाची बाजू घेऊन नवऱ्याशी भांडणारी नाशकातली मी एकटीच बाई असेन. तू तिकडे दादांना काय सांगितलंस? "वास आपला नाय, तिकडच्या घरातनं येतो!" आणि वर ते मला सांगून खो खो हसलीस. मी दोन दिवस तांब्या वाजवला नव्हता, आठवतं?

हसण्यावारी नेलं म्हणून, नाहीतर आपण दोघी अडकलेल्याच होतो गं. यांच्या कारखान्यातली मंडळी इंदिरानगरला प्लॉट घेत होती. मी म्हटलं, आपणही जाऊ, मोकळी हवा आहे. हे म्हणाले, "मी का जाऊ? जायचं तर तो जाईल." तू दादांजवळ विषय काढलास, त्यांनीही तेच ऐकवलं. दोघांना ते घर नको होतं आणि दोघांना सोडायचंही नव्हतं. सकाळी दार उघडलं की नाकासमोर भिंत. कपडे वाळत घालताना वाऱ्यानं तुझ्या लुगड्याचं टोक वर उडायचं, तेवढंच दिसायचं. भाजीवाल्याच्या गाडीपाशी गाठ पडली तर मी कोबीकडे बघायची, तू वांग्यांकडे. दिवसभरात मोकळा श्वास मला गटारापाशी मिळायचा, हे सांगितलं तर कुणाला पटेल?

एका गोष्टीचा राग मात्र माझ्या मनातून जात नाही. तुला दुखत होतं ते तू मला का नाही सांगितलंस? तुझा आवाज बारीक होत चालला होता. मी विचारलं की म्हणायचीस, "पाईपात घाण साचली असंल." आणि मी वेडी, पाईपाला दोष देत बसले! सोडा टाकला, उकळतं पाणी ओतलं, बांबूची कांब घालून ढोसलं. का? तर तुझा आवाज नीट यावा म्हणून. कांब आरपार जायची, आवाज तेवढाच राहायचा. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. की कळलं होतं आणि मी कळून घेतलं नाही? तू सांगितलं असतंस तर मी भिंतीवरून उडी मारून आले असते. आले असते ना गं?

तुला सिव्हिलला नेलं ते मला गल्लीतल्या बायकांकडून कळलं. परत आणलं ते तुला शेवटचं बघायला मी त्यांच्याच घोळक्यात आत शिरले. इतक्या वर्षांनी तुझा चेहरा जवळून बघितला, तो असा. केस किती पांढरे झाले होते! आवाजात ते कधी दिसले नव्हते. शेजारीण जितकी रडेल तितकीच मी रडले. त्याहून जास्त रडले असते तर कुणीतरी विचारलं असतं. हे गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, पुढे यायचं धाडस झालं नाही. दादांनीही बोलावलं नाही. जलदान विधीला मी माझ्या ओट्यावर बसले होते. भंतेजींचा आवाज भिंतीवरून येत होता, आणि मी इकडून, माझी मीच, तांब्याभर पाणी ओंजळीनं सोडलं.

त्यानंतर मी जाळीवर तांब्या वाजवला नाही. तिकडून आता कोण बोलणार होतं?

पण पाईपालाही बहुतेक तुझ्याशिवाय करमेना. शेवग्याची मुळं त्याच्या सांध्यांतून आत शिरली होती. दोन्ही मोऱ्यांत घाण पाणी उलटं वर यायला लागलं. इकडे हे नाक मुठीत धरून आंघोळीला बसायचे, तिकडे दादा. तेवढ्यात आपल्या गल्लीत भुयारी गटार आलं, आणि प्रत्येकानं आपली लाईन त्याला जोडून घ्या, असं फर्मान निघालं. दोघांनी दोन प्लंबर आणले असते, पण आपल्या भागात त्या वेळी मोकळा होता तो एकटा रशीदभाई. त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघे भाऊ एका कामावर उभे राहिले, एकमेकांकडे पाठ करून!

"त्यांना विचारा, चेंबर कुणाच्या हद्दीत येतं," हे म्हणायचे.

"त्यांना सांगा, झाकण माझ्याकडं जास्त हाय," दादा म्हणायचे.

शेवटी रशीदभाई वैतागला. "साहेब, भिंत चेंबरच्या डोक्यावर बसलीय. ती तोडल्याबिगर माझ्या बापाला पन हे काम जमनार नाय. आन् ते आपसात काय बोलायचं ते बोला, मला कशाला पोस्टमन करता?" तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस.

भिंतीला खिंडार पडलं. नवे पाईप यायला उशीर होता, म्हणून रशीदभाईनं चेंबर साफ करून मुळं कापून काढली, जुनी लाईन तात्पुरती मोकळी करून दिली आणि चेंबरवर फळी टाकून गेला. दुपारी भांडी घासताना पाणी कसं सरसर खाली गेलं! तुझ्या पहिल्या हाकेच्या वेळी जायचं तसं. मला काय झालं कुणास ठाऊक, माझा हात उचलला गेला आणि तांब्या जाळीवर वाजला. टक टक.

"काकू?"

आक्का! तुझाच आवाज, फक्त तरुण.

"काकू, मी सुजाता. आई म्हणाली होती, मी नसले आणि काही अडलं तर मोरीत जाऊन बस, काकू वाजवतील. मी रोज बसायचे. तुम्ही वाजवलंच नाही."

काय उत्तर देऊ मी त्याला? तूच सांग! तू तिला सांगून ठेवलंस आणि मला सांगायचं राहिलं? का तुला वाटलं, विमलला सांगायला कशाला हवं, ती वाजवेलच?

मग ती रडत रडत बोलली. रविवारी दिंडोरीहून तिला बघायला माणसं येणार होती. बघायला म्हणजे ठरवायलाच. मुलाची आई अंथरुणाला खिळलेली, घरात बाई हवी, म्हणून त्यांना घाई. आणि दादांच्या बहिणीनं दादांच्या मनात भरवलेलं, की पोरीची आई गेलीय, वर्षाच्या आत लग्न उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. "माझी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे काकू. शेवटची. ते म्हणतात परीक्षा कशाला, आमच्याकडे बायका नोकरी करत नाहीत. बाबा काहीच बोलत नाहीत, नुसते हो म्हणतात."

आपण देव सोडले, उपास सोडले, सोवळं-ओवळं सोडलं. विहारात उभं राहून, सगळ्यांसमोर सोडलं. मग हे वर्षाच्या आतचं कुठून चिकटून राहिलं गं?

"मी बघते," असं तिला म्हणाले खरी. पण काय बघणार होते मी? रविवारपर्यंत मला घास गोड लागला नाही. ज्या घराशी बोलणं नाही, त्या घरच्या मुलीच्या लग्नात मी कोण? आक्काला काय हवं होतं ते मला ठाऊक आहे, असं म्हणावं, तर कसं ठाऊक, हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर दिलं की यांच्या लेखी मी खोटी. नाही दिलं की सुजाता दिंडोरीला. मी मोरीत जायची, बाहेर यायची, खिंडारापाशी जायची, परत फिरायची. दार कुठल्याच बाजूला नव्हतं.

रविवारी माणसं आली. अंगणात खणलेला चर होता, त्यावरच्या फळीवरून एकेक जण धोतर सावरत गेला. हे ओट्यावर पेपर तोंडासमोर धरून बसले होते, पान काही उलटत नव्हते. मी खिंडाराच्या कडेला वाळण काढायचं निमित्त करून उभी. दादांच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं. सुजातानं चहा दिला, तिला नाव विचारलं, स्वयंपाक विचारला. शिक्षणाचं कुणी विचारलं नाही. मग दादा म्हणाले, "आता शिक्षण काय, झालं तेवढं झालं. पोर आपल्या घरी गेली म्हणजे झालं. तिच्या आईचीबी हीच इच्छा होती."

हे मात्र मला ऐकवलं नाही! आक्का, हातातलं वाळण तिथंच टाकलं. मी फळीवरून चर ओलांडला आणि तुझ्या दारात जाऊन उभी राहिले.

"नव्हती," म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत मी दादांच्या दारात उभी राहिले नव्हते.

"तुला काय ठाऊक तिची इच्छा?"

"तिनंच सांगितली."

"कधी? भिंत झाल्यापासून तू तिच्याशी एक शब्द बोललेली नाय."

"रोज बोलले."

"खोटं!"

मागे ओट्यावर पेपर खाली पडल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. म्हटलं, "दादा, तुमच्या मोरीत जाऊन बसा. जाळी काढा. मग खोटं का खरं ते ठरवा." आणि मी तशीच परत फिरून आमच्या मोरीत आले.

मला वाटलं, गेले नाहीत. मग तिकडे बादली सरकली, गुडघे मोडले, आणि दादांची धाप ऐकू आली. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस मोरीत खाली बसला असेल.

मी जाळीशी वाकले. म्हटलं, "दादा, नोकरी गेल्यावर तुम्ही रोज डबा घेऊन निघायचात. वर्कशॉपात लागलोय, असं आक्काला सांगितलं होतं. तुम्ही कालव्याच्या कडेला बसायचात, डबा खायचात आणि संध्याकाळी घरी यायचात. तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मला म्हणाली, विमल, मी डबा द्यायचा बंद करणार नाही. घरात बसवला तर माणूस खचेल."

पाईपात नुसती धाप. चुकले का मी, आक्का? ते तू त्यांच्यापासून जपलं होतंस. पण माझ्याकडे तुझी दुसरी कुठली खूण होती?

मग दादा बोलले. तो आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

"अजून काय म्हणायची?"

"म्हणायची, माझी आई गेली आणि वर्षाच्या आत मला उजवली. चौथीचं दप्तर खुंटीला तसंच राहिलं. सासरी आईसाठी रडायलासुद्धा जागा मिळाली नाही. सुजाताचं तसं होऊ देणार नाही."

तिकडे नळ सुटला. मोठा सोडला होता. तो कशासाठी सोडतात हे मला सांगायला नको, मी जाळी बसवली आणि उठले.

दादा तोंड धुऊन बाहेर आले आणि पाहुण्यांना म्हणाले, "पोरीची परीक्षा होऊ द्या. मग तिला विचारून कळवतो." पाहुणे फणकारले. एकानं जाताना फळी सोडून पाय टाकला आणि घोट्यापर्यंत चिखलात गेला. रशीदभाई असता तर त्याचा उद्धार झाला असता. सुजाता दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, सरळ, कोबी-वांग्यांकडे न बघता.

आणि हे? हे अंगणात उभे होते. एवढंच विचारलं, "इतकी वर्षं?"

"हो," म्हटलं.

पुढे काही नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मला अजून वाटतं, संपात हे आत गेले तेव्हा दादांना जसं वाटलं असेल, तसं यांना त्या दिवशी वाटलं असेल. आपलंच माणूस आपल्याला सोडून पलीकडे गेलं, असं. मी समजावणार होते, पण समजून घ्यायला तो माणूस समोर बसेल तर ना! जेवतात, ताट सरकवतात, बाहेर जातात.

नवे पाईप आले. रशीदभाईनं आपला जुना पाईप घणानं फोडून काढला. आतून किती काळा झाला होता, आणि केवढा अरुंद! मी त्याचा एक तुकडा उचलला, तर यांनी माझ्या हातातून घेतला आणि ढिगावर टाकला. मग रशीदभाईला म्हणाले, "आमच्या मोरीत ट्रॅप चांगला खोल बसवा." रशीदभाई म्हणाला, "एवढा खोल कशाला, साहेब? वास साध्या ट्रॅपनं पन थांबतो." हे म्हणाले, "मी सांगतो तेवढा बसवा."

आता चेंबर दोन झाले, दोन्हीकडे एकेक. खिंडार बुजवलं, भिंत पुन्हा सरळ उभी आहे. भाऊ अजून बोलत नाहीत. दादा त्यांच्या घरात, हे आपल्या, मी माझ्या मोरीत. घरात आता वास नाही, झुरळ नाही, आणि आवाजही नाही. तुला ऐकवायला म्हणून मी दिवसभरात काय काय साठवून ठेवायची, ते अजून साठतंच आहे, टाकायचं कुठे?

काल जेवताना हे पहिल्यांदा बोलले. ताटातून मान वर न करता म्हणाले, "आता पाईप नाही. आता बघू कशी बोलतेस."

मी वाढत होते ती तशीच थांबले. राग आला नाही, खरंच नाही आला. उलट वाटलं, हा माणूस इतके दिवस त्याच एका गोष्टीचा विचार करत होता. आणि मीही. फक्त मला त्याचं उत्तर इतका वेळ दिसत नव्हतं, ते त्याच्याच तोंडून ऐकल्यावर दिसलं.

तर आक्का, शब्द देते. उद्या सुजाताचा पहिला पेपर आहे. उद्या सकाळी मी पुढच्या दारानं बाहेर पडणार. हे ओट्यावर दाढी करत बसलेले असतील, त्यांच्यासमोरून जाणार. तुझ्या दारापुढे, गल्लीत, सगळ्यांच्या देखत उभी राहणार आणि हाक मारणार, "सुजाता, चल गं, उशीर होईल!" परीक्षा संपेपर्यंत रोज. त्यानंतर ती जिथे शिकवायला लागेल तिथवर, मग ते सुरगाण्याच्या डोंगरात का असेना, मी तिच्यासोबत जीपमध्ये बसून जाईन. यांना आणि दादांना काय ठरवायचं ते ठरवू दे.

इतकी वर्षं वाकून, हळू बोलायची सवय लागलीय. मोठ्यानं हाक मारायला जमेल का, अशी धास्ती वाटली. म्हणून मघाशी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणून बघितलं, "सुजाता!" पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा भिंतीपलीकडून "ओ, काकू!" आलं.

तुझी,
विमल